दोन कुलुपांची टाकी

१

व्हॉल्व्हचं चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी पाणी आलं नाही. नळातून आधी एक लांबलचक उसासा आला, मग भसाभस हवा, आणि मग तीही थांबली.

टेकडीच्या माथ्यावर, पाण्याच्या उंच टाकीखालच्या चौकोनी खड्ड्यात दोघेजण वाकून उभे होते. एक नगरपालिकेच्या पाणीखात्याचा पर्यवेक्षक, दुसरा पाणी कंपनीचा तरुण इंजिनिअर. खड्ड्याच्या लोखंडी झाकणाला दोन कुलुपं असत, एकाची किल्ली पालिकेकडे आणि दुसऱ्याची कंपनीकडे. पालिका आणि कंपनीची भागीदारीच तशी ठरली होती. टाकी आणि नळ पालिकेचे, पंप आणि पाणी शुद्ध करण्याचं काम कंपनीचं. रोज दुपारी पंप आपोआप सुरू होऊन टाकी भरायची, संध्याकाळी दोघांनी मिळून कुलुपं लावायची आणि सकाळी दोघांनी मिळून उघडायची. एकट्याच्या हातात पाणी राहू नये, हा त्यातला हेतू. कालही त्यांनी टाकी भरलेली बघूनच कुलुपं लावली होती. आज कुलुपं जागच्या जागी होती, कुठे ओरखडाही नव्हता.

"काय झालं काय?" इंजिनिअर पुटपुटला.

तेवढ्यात डोक्यावर कुठेतरी जोरात खडखडाट झाला.

"नळात हवा अडकली असणार," पर्यवेक्षक म्हणाला आणि आणखी खाली वाकला.

"अहो, खाली काय बघत बसलात? वर बघा!" शिडीपाशी उभा असलेला एक माणूस ओरडला. ते पालिकेच्या पाणी समितीचे सभापती होते, रोजच्यासारखे टेकडीवर फिरायला आलेले. "टाकी रिकामी आहे, रिकामी!"

टाकीच्या आत एक रिकामं पिंप तरंगत असे. त्याला बांधलेला दोर कप्पीवरून बाहेर यायचा आणि बाहेरच्या टोकाला एक लोखंडी पाटी लटकायची. टाकी भरली की पिंप वर जाणार आणि पाटी खाली उतरणार. काल संध्याकाळी पाटी अगदी तळाला होती. आता ती पार वर, कप्पीला टेकली होती.

इंजिनिअर धावत शिडी चढला आणि त्याने वरचं झाकण उघडलं. आत तळाचा चिखल दिसत होता.

सगळ्यात विचित्र गोष्ट तर खालीच होती. एवढी मोठी टाकी रिकामी झाली, पण टेकडीवर कुठे ओल नव्हती, ओहोळ नव्हता, डबकं नव्हतं. पायाखालची धूळ कोरडी ठणठणीत होती.

२

सूर्य वर येईपर्यंत टेकडीवरच्या घराघरांत बोंब झाली. शाळा सोडून दिली. प्रसूतिगृहात नव्या बाळंतिणींना प्यायला तेवढं पाणी उरलं होतं, बाकी सगळं ठप्प. सभापतींनी पंप आणि टाकी दोन्हींना सील ठोकलं, कारण म्हणे पुरावा राहिला पाहिजे. संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. विषय एकच, ही भागीदारी मोडून टाकावी.

कंपनीच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, पालिकेच्या माणसांनी पाणी पळवलं. पालिकेतले म्हणाले, कंपनीने. भांडण विकोपाला गेलं तेव्हा नगराध्यक्षांना करारातलं एक कलम आठवलं. वाद झाला तर दोघांना मान्य असलेला पंच नेमावा आणि चौकशी होईपर्यंत सगळा अधिकार पंचाकडे असावा.

"पंच म्हणजे आपल्या पंचबाईच की!" कोणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच दोन्हीकडच्या माना एकदम हलल्या.

पंचबाई या व्हॉलीबॉलच्या पंच होत्या. जाळ्याशेजारच्या उंच खुर्चीवर बसून त्यांची हयात गेली. कालच दुपारी त्यांनी पालिका विरुद्ध कंपनी हा दरवर्षीचा सामना खेळवला होता. पालिका हरली, पण बाईंच्या एकाही निर्णयावर कोणी ब्र काढला नव्हता.

त्यांच्यावर एकमत व्हायला दुसरंही कारण होतं. पालिकेचा तो पर्यवेक्षक म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. आणि कंपनीचा तो इंजिनिअर म्हणजे त्यांचा जावई.

नगराध्यक्षांचा फोन आला तेव्हा बाई दारातल्या कुंड्यांना काल भरून ठेवलेलं पाणी घालत होत्या. निरोप ऐकून त्यांनी तांब्या खाली ठेवला. भाऊ दोषी निघाला तर माहेर तुटणार होतं. जावई दोषी निघाला तर लेकीचा संसार मोडणार होता. नाही म्हणणं सोपं होतं.

"येते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. एकदा शिट्टी वाजवली की मी ती मागे घेत नाही."

३

टाकीखाली पालिकेचा म्हातारा पहारेकरी खुर्चीत अंग चोरून बसला होता. बाईंना बघताच तो धडपडत उठला.

"बाई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो. देवाशपथ सांगतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

"तुम्ही कुठे बसला होता?"

"हा काय, इथेच! ही खुर्ची, हे पाय." त्याने बसून दाखवलं. पाय थेट खड्ड्याच्या झाकणावर, दोन कुलुपांच्या मधोमध. "कुलुपं उघडायची तर आधी माझे पाय उचलायला हवेत. संध्याकाळी बसलो तो सकाळी किल्लीवाले साहेब आले तेव्हाच उठलो. पांघरूणसुद्धा सरकलं नव्हतं."

बाईंनी वर बघितलं. टाकीचा गोल तळ थेट खुर्चीच्या डोक्यावर होता. काँक्रीटवर एक लांब पांढरट ओघळ सुकला होता.

"आणि दुपारी? टाकी भरते तेव्हा?"

"दुपारीही इथेच. मी कुठे जाणार?" पहारेकरी घाईघाईने म्हणाला. मग वातावरण हलकं करायला हसला. "बाकी बाई, कालचा शेवटचा गुण तुम्ही अगदी बरोबर दिलात. बॉल रेषेवरच पडला होता. आपलेच लोक उगाच चुळबुळ करत होते."

बाई शिडीजवळ गेल्या. वर टेकलेल्या पाटीच्या कडेला गंज खरवडून निघाल्याची एक चकचकीत रेघ उन्हात दिसत होती. शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरही तशीच एक रेघ होती, ताजी.

४

जावई पंपघरात डोकं धरून बसला होता. सासूबाई आत आल्या तसा तो उभा राहिला.

"बसा, जावईबुवा. मी आज सासू म्हणून आले नाही. काल रात्री कुठे होता?"

जावयाने नजर चुकवली. "ते नाही सांगता येणार, आई."

"का?"

"शब्द दिलाय एकाला."

बाईंनी तो विषय तिथेच ठेवला. "बरं, टाकीच्या तळाला ओघळ कसला आहे?"

हे ऐकल्यावर मात्र जावई एकदम पेटला. "गळती! टाकी अर्ध्याच्या वर भरली की तिथून ठिबकायला लागते ती सकाळपर्यंत. थेट कुलुपांवर. पालिकेला सांगून सांगून थकलो. ते म्हणतात, गळतंय ते पाणी कंपनीचं, तुम्हीच बघा. आम्ही म्हणतो, भेग तुमच्या भिंतीला आहे. भिंत पालिकेची, पाणी कंपनीचं, मग गळती कोणाची? तो बिचारा पहारेकरी रोज रात्री खुर्ची उचलून लांब पायऱ्यांवर जाऊन बसतो."

"रोज?"

"रोज. नाहीतर भिजून चिंब होईल ना तो."

बाईंनी मान हलवली, जणू काही विशेष ऐकलंच नव्हतं.

भाऊ पालिकेच्या गोदामात भेटला. ताईला बघून त्याला रडूच फुटायचं बाकी होतं, पण रात्रीचं विचारताच त्याने हात जोडले.

"ताई, मार हवं तर. पण ते विचारू नकोस."

"सकाळचं तरी सांग. टाकी रिकामी आहे हे आधी कोणाला दिसलं?"

"सभापतींना. आम्ही दोघं खड्ड्यात वाकलो होतो. वर खडखडाट झाला, मला वाटलं नळातली हवा. तेवढ्यात ते ओरडले."

"खडखडाट आधी आणि ओरडणं नंतर?"

"हो. पण त्याचं काय?"

सभापतींनी बाईंना आपल्या घराच्या बैठकीत बसवलं. खोली मोठी होती. भिंतीला लागून ओळीने लाकडी बाकं मांडली होती, आणि बाकांवर कोणीच नव्हतं.

"पूर्वी या बाकांवर बसायला जागा मिळायची नाही," सभापती म्हणाले. "पहाटेपासून माणसं. साहेब, आमच्या गल्लीला पाणी सोडा. साहेब, आमच्याकडे लग्न आहे. मी कोणाला नाही म्हटलं नाही. आता यंत्र पाणी सोडतं. यंत्राला माणूस कळतो का, सांगा?"

"पण आता पाणी रोज येतं ना?"

"आज आलं का?" ते हसले. मग पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, "पंचबाई, तुम्हाला वाईट वाटेल, पण ऐकून घ्या. काल रात्री तुमचा भाऊ आणि तुमचा जावई एकत्र होते. तुमच्या लेकीच्या घरात शिरताना लोकांनी पाहिलंय. एकाकडे एक किल्ली, दुसऱ्याकडे दुसरी. दोन्ही किल्ल्या एका घरात! आणि पंच कोण, तर त्याच घरातली. संध्याकाळच्या सभेत मी हेच विचारणार आहे."

५

लेक प्रसूतिगृहात परिचारिका होती. आई आली तेव्हा ती रिकाम्या बादल्या एकात एक रचत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा काल तुमच्याकडे आला होता?" बाईंनी सरळ विचारलं.

लेकीने आजूबाजूला बघितलं. "आई, तू कोणाला सांगणार नसशील तर सांगते."

"मी आज पंच आहे. मी सगळ्यांना सांगणार आहे."

लेकीने खांदे पाडले. "मामा गेले कित्येक दिवस येतोय. पंपघरात ती नवी यंत्रणा बसवली ना, सगळं पडद्यावर दिसणारी? मामाला ती कळत नाही. ऑफिसात विचारायची लाज वाटते. म्हणून हे त्याला घरी लॅपटॉपवर शिकवतात. पालिकेत कळलं तर म्हणतील कंपनीला फितूर झाला. कंपनीत कळलं तर यांना म्हणतील घरची गुपितं वाटतोस. म्हणून दोघांनी एकमेकांना शपथा घातल्यात. शाळकरी पोरांसारख्या!"

बाईंना हसू आवरेना. सकाळपासून पहिल्यांदाच त्या हसल्या. मग विचारलं, "काल काय शिकवलं?"

"कालचंच दाखवत होते, दुपारचा पंप कसा चालला ते. मामा म्हणाला, ही रेघ आज एवढी खाली का? पंपाला जोर कसा लागला नाही? हे म्हणाले, मामा, तुम्ही चुकीची रेघ बघताय. त्यावरून दोघांची जुंपली. शेवटी मीच दिवा मालवला."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्या एका पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या.

"आई? काय झालं?"

"तुझा मामा बरोबर रेघ बघत होता," बाई म्हणाल्या. "लाव दोघांना फोन. म्हणावं, शपथा मोडल्या. टेकडीच्या पायथ्याशी या. आणि जावईबुवांना म्हणावं, पंपाचं आणि टाकीचं सील मी काढलंय."

६

टेकडीच्या वाटेवर तिघं चालत होते. बाई पुढे, मागे दोघं, एकमेकांकडे न बघता.

"पहारेकरी म्हणतो, रात्रभर गळतीच्या खाली बसलो आणि पांघरूण कोरडं राहिलं," बाई म्हणाल्या. "टाकी भरलेली असती तर तो भिजला असता. म्हणजे टाकी रात्री रिकामी झालीच नाही. ती भरलीच नव्हती."

"पण ताई, पाटी तळाला होती! आम्ही दोघांनी पाहिली."

"पाटी पाहिलीत. पाणी पाहिलंत का?"

दोघं थबकले.

"कोणीतरी पाटी तारेने खाली ओढून शिडीला बांधली होती. दोन्हीकडे ताजे ओरखडे आहेत. सकाळी तार सोडली, आतलं पिंप धाडकन खाली गेलं आणि पाटी खडखडत वर आली. नळातली हवा नव्हती ती."

"मग पंप दुपारभर चालला त्याचं पाणी?" जावयाने विचारलं.

"पंपाला जोर लागला नाही, कारण पाणी माथ्यापर्यंत चढलंच नाही. अर्ध्या वाटेत कुठे जाऊ शकतं ते?"

भावाच्या तोंडचा रंग उडाला. "अर्ध्या वाटेत तर जुना हौद आहे. टाकी व्हायच्या आधीचा. त्याच्या फाट्याचा व्हॉल्व्ह अजून नळाला आहे."

"आमच्या नकाशात असं काही नाही," जावई म्हणाला.

झुडपांमागे हौद होता. त्याच्या बुटक्या दाराची कडी काढताच आतून गारवा आला. बाईंनी एक खडा आत टाकला. डुबुक! हौद काठोकाठ भरला होता. शेजारी जमिनीतल्या व्हॉल्व्हभोवतीचं गवत तुडवलेलं होतं, आणि व्हॉल्व्ह सताड उघडा.

"खालचा फाटा उघडा असताना पाणी उगाच चढ कशाला चढेल," जावई हळूच म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो मामाकडे बघू लागला. हा फाटा कंपनीला ठाऊक नव्हता. पालिकेत ठाऊक असलेला जुना माणूस त्याच्या शेजारीच उभा होता.

भावालाही ते कळलं. "ताई," त्याचा आवाज चिरकला, "मी नाही गं!"

"मला माहीत आहे. फाटा उघडला दुपारी, पंप सुरू व्हायच्या वेळी. पाटी बांधली तीही दुपारीच. काल दुपारी तू कुठे होतास?"

"मैदानावर! सामना होता ना."

"आणि जावईबुवा?"

"जाळ्याच्या पलीकडे."

"आणि मी वरच्या खुर्चीवर. दुपारभर तुम्ही दोघं माझ्या डोळ्यांसमोर होता. तुमची साक्षीदार मीच." बाईंनी पदराने कपाळ टिपलं. "व्यवस्थापक बाई आणि नगराध्यक्ष पहिल्या रांगेत होते. पालिका आणि कंपनी दोन्ही ओस पडल्या होत्या. आता मला एवढंच आठवायचंय, की मैदानावर कोण नव्हतं. आणि जो असायला नको होता, तो कोण होता."

त्या मागे वळल्या. "फाटा बंद करा. पंप सुरू करा. आणि सभेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नका."

७

सभागृह खच्चून भरलं होतं. टेकडीवरची माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. काहींच्या हातात अजून रिकाम्या बादल्या होत्या.

सभापतींनी भाषण सुरू केलं. दोन किल्ल्या, एक घर, रात्रीची भेट. प्रत्येक वाक्याला सभागृह गरजत होतं. शेवटी त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. "आणि यांना आपण न्याय मागायचा?"

पंचबाई उठल्या. त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती. आयुष्यभर शिट्टीने काम भागलं होतं.

"चोरीला गेलेलं पाणी सापडलं आहे," त्या म्हणाल्या.

सभागृहात एकच गलका झाला. बाईंनी हात वर केला.

"सगळं पाणी जसंच्या तसं आहे. प्रसूतिगृह सकाळपासून कोरडं आहे. नगराध्यक्षांनी परवानगी दिली, तर सापडलेलं पाणी आत्ताच्या आत्ता टेकडीला पोचवते."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" सभापती ताडकन उठले. "त्या जुन्या हौदात वर्षानुवर्षांचा गाळ आहे! बाळंतिणींना ते पाणी पाजणार तुम्ही?"

बाई त्यांच्याकडे वळल्या. गलका विरत गेला. मागच्या भिंतीपाशी कोणाच्या तरी बादलीची कडी वाजली तेवढीच.

"कुठला जुना हौद?" बाईंनी विचारलं.

सभापतींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पाणी सापडलं म्हणाले मी. हौदाचं नाव मी घेतलं नाही. हौद आज आम्ही तिघांनी पाहिला, आणि तिघांनीही कोणाला सांगितलं नाही. चौथ्याला ठाऊक असेल, तर तो पाणी भरणाराच असणार."

"अंदाज केला मी," सभापती म्हणाले. "मी जुना माणूस आहे. साधा अंदाज!"

"मग माझाही अंदाज ऐका." आणि बाईंनी एकेक गोष्ट मांडली. कोरडं पांघरूण, न ठिबकलेली गळती, पंपाची खाली राहिलेली रेघ, तारेचे ओरखडे. भाऊ आणि जावई रात्री एकत्र का होते तेही सांगितलं. त्यावर सभागृहात हास्याचा असा फवारा उडाला, की भाऊ कानापर्यंत लाल झाला. व्यवस्थापक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून पंपघरात या. चोरून नाही, सरळ दारातून."

"राहता राहिली दुपार," बाई पुढे म्हणाल्या. "सामन्याला सगळे होते. बक्षीस द्यायचे पाहुणे तेवढे अगदी शेवटी आले, घामाने निथळत. सभापती, तुम्हीच होता ते. आणि एक माणूस तिथे असायला नको होता तो होता. शेवटचा बॉल रेषेवर पडला हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो त्याच वेळी टाकीखाली कसा असेल?"

मागच्या रांगेत पहारेकरी उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "सभापतीसाहेब म्हणाले, जा, सामना बघून ये, वर्षातून एकदाच असतो, टाकीकडे मी बघतो. आणि कोणाला सांगू नकोस, तुझीच नोकरी जाईल. मला वाटलं, केवढा मोठा माणूस, आपल्यासाठी उन्हात उभा राहतोय."

आता सगळ्यांच्या माना सभापतींकडे वळल्या. ते सावकाश खाली बसले. उठले तेव्हा त्यांचा आवाज भाषणाचा नव्हता.

"मी थेंबही विकलेला नाही," ते म्हणाले. "या गावाला मी वर्षानुवर्षं पाणी दिलं. माझ्या शब्दावर नळ उघडायचा. सणासुदीला घरात पाय ठेवायला जागा नसायची. मग ही भागीदारी आली आणि एके दिवशी माझ्या दारात कोणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटलं, हे एकदा मोडलं की लोक परत येतील."

"आम्ही यायचो," टेकडीवरची एक बाई भिंतीपाशी उभी होती, ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो सगळीकडे ऐकू गेला. "पोटुशी असताना मी तुमच्या बाकावर बसले होते. अर्धा दिवस. पाण्यासाठी. साहेब, प्रेमाने कोणी येत नव्हतं हो."

सभापतींनी मान खाली घातली. खिशातून समितीचा शिक्का काढून त्यांनी नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेले. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. दारातल्या पोलिसाशी त्यांचं काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही.

"आता टेकडीचं काय?" कोणीतरी ओरडलं. "त्या हौदाचं पाणी तर गाळाचं!"

"ते कोणी पिणार नाही," पंचबाई म्हणाल्या. "त्याने रस्ते धुवा, बागा शिंपा. टाकीत दुपारपासून ताजं पाणी चढतंय. सील मी काढलं. पंचाला तेवढा अधिकार आहे." त्या भावाकडे आणि जावयाकडे वळल्या. "तुम्ही दोघं अजून इथे काय करताय? किल्ल्या आहेत ना खिशात?"

दोघं एकदमच दाराकडे धावले, आणि दारात एकमेकांना धडकले.

ते गेल्यावर नगराध्यक्षांनी विषय मतदानाला टाकला. भागीदारी मोडावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. एकही हात उठला नाही. चालू ठेवावी असं वाटणाऱ्यांनी? हात वर जाऊ लागले. ज्यांना मत द्यायचा हक्क नव्हता, त्या भिंतीजवळच्या माणसांनीही हात वर केले, आणि मोजणाऱ्या कारकुनाने वैतागून मोजायचंच सोडून दिलं.

त्या गोंधळात नगराध्यक्षांच्या टेबलावरचा फोन वाजला. प्रसूतिगृहातून पंचबाईंची लेक बोलत होती. तिचं बोलणं नीट कळेना, ती एकाच वेळी हसत होती आणि ओरडत होती. नगराध्यक्षांनी फोन ध्वनिक्षेपकासमोर धरला.

आधी नुसती खरखर आली. मग टेकडीवरच्या मोठ्या हंड्यात धो धो कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज सभागृहभर घुमला. त्यात दचकून उठलेल्या एका तान्ह्या बाळाचं खणखणीत रडणं मिसळलं, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.